लायगोत अणुभट्टी नाही. मग अणुकचऱ्यावर नजर कोणाची? समजून घ्या देखरेखीची यंत्रणा

हट्टा (जि. हिंगोली) : वसमत तालुक्यातल्या हट्ट्यापासून शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यापर्यंत ‘लायगो’ हा शब्द आता सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. दुधाळा-अंजनवाडा परिसरात उभा राहणारा २,६०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचा आहे. ‘अणुऊर्जा’ हा शब्द आला की पाठोपाठ प्रश्न येतात. तिथे किरणोत्सर्ग होणार का? कचरा आपल्याच भागात पुरणार का? १० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने हिंगोली, परभणी आणि नांदेड हादरले. पांगरा शिंदे परिसरात तर जमिनीतून येणारे आवाज लोक त्याआधीपासून ऐकत आले आहेत. त्यामुळे ‘उद्या मोठा धक्का बसला तर?’ हा प्रश्नही साहजिक आहे.

लायगोपुरतं उत्तर सोपं आहे. तिथे अणुभट्टी नाही, अणुइंधन नाही, अणुकचराही नाही. पण त्याच विभागाची जी केंद्रं खरोखर अणुइंधन आणि अणुकचरा हाताळतात, त्यांच्या सुरक्षेची तपासणी कोण करतं, याचं उत्तर तेवढं सोपं नाही. त्यातली दोन मोठी ठिकाणं महाराष्ट्रात आहेत. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

थोडक्यात

• लायगो हा गुरुत्वीय लहरी टिपणारा प्रकल्प आहे. त्यात लेझर, आरसे आणि निर्वात नळ्या असतात.

• देशातले अणुवीज प्रकल्प, एक्स-रे यंत्रं, कॅन्सर रुग्णालयं यांच्या सुरक्षेवर अणुऊर्जा नियामक मंडळ (एईआरबी) देखरेख करतं.

• भाभा अणुसंशोधन केंद्राच्या (बार्क) प्रयोगशाळा, संशोधन भट्ट्या आणि कचरा प्रकल्प मात्र २००० साली एईआरबीच्या कक्षेतून काढले गेले. त्यांची तपासणी बार्कचीच सुरक्षा परिषद करते.

• कॅग, संसदेची लोकलेखा समिती आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं तज्ज्ञ पथक या तिघांनीही नियामकाला कायद्याने स्वातंत्र्य देण्याचा मुद्दा मांडला होता.

लायगोमध्ये नेमकं काय असणार?

इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. प्रत्येक भुजेत हवा काढून घेतलेली नळी, टोकाला आरसा आणि मधून धावणारा लेझर किरण. दूरच्या अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की गुरुत्वीय लहरी निघतात. त्या पृथ्वीवरून जाताना दोन्ही भुजांच्या लांबीत प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान फरक पडतो आणि लेझर तो टिपतो. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर पहिल्यांदा पकडली. भारतातल्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः, तर एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली.

इथले धोके कारखान्यातल्यासारखे आहेत. तीव्र लेझरमुळे डोळ्यांना इजा, अतिथंड द्रव नायट्रोजनची हाताळणी, उंचीवरचं बांधकाम. भूकंपाचा धक्का बसला तर उपकरणाचं नुकसान होईल, निरीक्षणं थांबतील. पण बाहेर पडण्यासारखं किरणोत्सारी काहीच आत नसेल.

एक योगायोग मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या त्या दोन लायगो वेधशाळांपैकी एक हॅनफर्ड इथे आहे. नागासाकीवर टाकलेल्या अणुबॉम्बचं प्लुटोनियम ज्या हॅनफर्डमध्ये तयार झालं, तेच हे ठिकाण. तिथल्या १७७ भूमिगत टाक्यांमध्ये किरणोत्सारी कचरा साठवला गेला आणि त्यातल्या ६० हून अधिक टाक्या गळल्या असाव्यात, असं तिथलं सरकारच मानतं. वेधशाळेचा या कचऱ्याशी काही संबंध नाही. पण हॅनफर्डवर कित्येक दशकं बाहेरच्या कुणाचीही नजर नव्हती. जो विभाग प्लुटोनियम बनवत होता, तोच सुरक्षित काय आणि असुरक्षित काय हेही ठरवत होता. आपल्या चर्चेचा गाभा हाच आहे.

महाराष्ट्रात अणुसंशोधन आणि अणुकचरा कुठे आहे?

पहिलं ठिकाण तुर्भे, म्हणजे मुंबईच्या चेंबूर-मानखुर्दला लागून ठाणे खाडीच्या काठावर असलेलं ट्रॉम्बे. भारताची पहिली संशोधन अणुभट्टी ‘अप्सरा’ इथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. पुढे १९६० मध्ये ‘सायरस’ आणि १९८५ मध्ये ‘ध्रुव’ आली. सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाली. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं करणारा पुनर्प्रक्रिया प्रकल्प आणि कचरा हाताळणारा प्रकल्पही इथेच आहे.

दुसरं ठिकाण पालघर जिल्ह्यातलं तारापूर. इथला अणुवीज प्रकल्प १९६९ पासून वीज देतो. त्याच परिसरात बार्कचा पुनर्प्रक्रिया प्रकल्प, कचऱ्याचं काचेत रूपांतर करणारा प्रकल्प आणि त्या काचेची साठवण करणारी इमारत आहे. पालघरच्या डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. म्हणजे ‘धक्का बसला तर?’ हा हिंगोलीतला प्रश्न खऱ्या अर्थाने तिथे लागू होतो.

अणुकचरा म्हणजे काय?

सगळा अणुकचरा सारखा नसतो. त्याचे ढोबळमानाने तीन गट पडतात.

• कमी तीव्रतेचा : हातमोजे, कपडे, पुसायची फडकी, गाळण्या. आकारमानाने सर्वात जास्त, धोक्याने सर्वात कमी.

• मध्यम तीव्रतेचा : प्रक्रियेतला गाळ, रसायनं, भट्टीतले काही सुटे भाग.

• उच्च तीव्रतेचा : वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया केल्यानंतर उरणारा द्रव. आकारमानाने अगदी थोडा, पण जवळजवळ सगळा किरणोत्सर्ग यातच असतो.

पहिल्या दोन गटांतला कचरा सिमेंटसारख्या पदार्थात घट्ट करून प्रकल्पाच्या आवारातच जमिनीलगतच्या काँक्रीटच्या खंदकांमध्ये ठेवतात. उच्च तीव्रतेचा द्रव मोठ्या तापमानाला खास काचेत वितळवून एकजीव केला जातो आणि स्टेनलेस स्टीलच्या डब्यांत ओततात. याला काचीकरण म्हणतात. द्रव गळू शकतो, वाहू शकतो. काच तसं करत नाही. हे डबे तारापूरच्या साठवण इमारतीत ठेवले जातात. तिथे खेळत्या हवेने त्यांची उष्णता कमी होत राहते. काही दशकांनी ते खोल भूगर्भात कायमचे पुरायचे, ही पुढची पायरी. असं भूगर्भ भांडार भारतात अजून नाही.

काळाचा हिशेबही पाहा. सीझियम-१३७ ची तीव्रता निम्मी व्हायला सुमारे ३० वर्षं लागतात, प्लुटोनियम-२३९ ची निम्मी व्हायला सुमारे २४,००० वर्षं. म्हणजे सीझियमची तीव्रता हजारपटीने कमी व्हायलाच ३०० वर्षं जातात. आज खंदकाची नोंद लिहिणारा कर्मचारी, त्याचा विभाग, कदाचित त्या विभागाचं नावही तोपर्यंत राहणार नाही. म्हणून इथे तंत्रज्ञानाइतकीच नोंदी आणि तपासणीची शिस्त महत्त्वाची ठरते.

देखरेख कोण करतं?

१५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं. जागेची निवड, बांधकाम, चाचणी आणि प्रत्यक्ष वापर अशा प्रत्येक टप्प्यावर या मंडळाची परवानगी घ्यावी लागते. ते निरीक्षक पाठवतं, त्रुटी दाखवतं, काम थांबवण्याचा आदेश देऊ शकतं. अणुवीज केंद्रांपासून वसमतच्या दवाखान्यातल्या एक्स-रे यंत्रापर्यंत सगळं त्याच्या कक्षेत येतं. किरणोत्सर्गासोबत काम करणाऱ्याला वर्षाला ३० मिलिसिव्हर्टपेक्षा आणि सामान्य नागरिकाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळू नये, ही मर्यादाही तेच घालून देतं. मिलिसिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप आहे.

अडचण रचनेत होती. हे मंडळ स्वतंत्र कायद्याने नव्हे, तर सरकारी आदेशाने तयार झालं. ते अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होतं. या आयोगाचे अध्यक्ष म्हणजेच अणुऊर्जा विभागाचे सचिव, आणि याच विभागाकडे बार्क आणि अणुवीज महामंडळ. मंडळाचा पैसाही विभागाच्याच अंदाजपत्रकातून यायचा.

ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. कारखान्याचा वजनकाटा बरोबर आहे की नाही हे कारखान्याच्याच माणसाने तपासलं तर आपलं समाधान होईल का? काटा अगदी बरोबरही असेल. तरी वैधमापन विभागाच्या निरीक्षकाने येऊन तपासावा, अशीच आपली मागणी असते. तपासणारा प्रामाणिक आहे की नाही, हा वेगळा मुद्दा. तो कोणाच्या पगारावर आहे आणि कोणाला उत्तर देतो, हे आधी विचारलं जातं.

२००० साली काय बदललं?

पोखरणच्या १९९८ च्या चाचण्यांनंतर दोन वर्षांनी अणुऊर्जा विभागाने आदेश काढून बार्क आणि त्याच्या ताब्यातले प्रकल्प एईआरबीच्या देखरेखीतून बाहेर काढले. ती जबाबदारी बार्कच्या अंतर्गत सुरक्षा परिषदेकडे गेली. बार्कमध्ये देशाच्या संरक्षणाशी संबंधित काम चालतं, त्याची माहिती बाहेर जाता कामा नये आणि सुरक्षा तपासायला लागणारे तज्ज्ञ बार्ककडे आहेतच, अशी यामागची भूमिका होती.

तारापूरमध्ये याचा अर्थ काय होतो, ते पाहा. वीज तयार करणाऱ्या अणुभट्टीच्या सुरक्षेची तपासणी एईआरबी करतं. त्याच परिसरातल्या पुनर्प्रक्रिया आणि कचरा प्रकल्पाची तपासणी बार्कची स्वतःची परिषद करते. एकाच किनाऱ्यावर, एकाच भूकंप क्षेत्रात, एकाच लोकवस्तीशेजारी दोन प्रकल्प आणि दोन वेगळे पहारेकरी. एक पहारेकरी विभागाचा, दुसरा थेट घरातलाच.

बार्कची परिषद नावापुरती आहे, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. तिच्यात अनेक स्तरांवरच्या समित्या आहेत आणि देशातले या विषयातले मोठे जाणकार तिथे काम करतात. काचीकरणाचं तंत्र देशात विकसित झालं ते याच संस्थेत. प्रश्न कौशल्याचा नाही. चूक झाली तर ती बाहेर कधी आणि कशी कळते, हा प्रश्न आहे.

कल्पक्कमला काय घडलं?

तमिळनाडूतल्या कल्पक्कमचा पुनर्प्रक्रिया प्रकल्प त्यावेळी बार्कच्या अखत्यारीत होता. २१ जानेवारी २००३ रोजी तिथले कर्मचारी कमी तीव्रतेचा कचरा असलेल्या टाकीतून नमुना घ्यायला गेले. एक झडप निकामी झाल्याने त्या टाकीत उच्च तीव्रतेचा द्रव शिरला होता. धोक्याचा इशारा देणारं उपकरण त्या जागी नव्हतं. नमुना प्रयोगशाळेत तपासल्यावर गोष्ट लक्षात आली, तोवर सहा कर्मचाऱ्यांना २८० ते ४२० मिलिसिव्हर्टच्या दरम्यान डोस मिळाला होता. म्हणजे वार्षिक मर्यादेच्या ९ ते १४ पट.

कर्मचारी संघटनेने त्याच महिन्यात व्यवस्थापनाला पत्र लिहून सुरक्षेच्या मागण्या मांडल्या. सर्वसामान्यांना हे प्रकरण कळलं ते काही महिन्यांनी, कर्मचाऱ्यांचं आंदोलन आणि वृत्तपत्रांतल्या बातम्या यांमुळे. अधिकाऱ्यांनी त्यावर जाहीर माहिती दिली ऑगस्टमध्ये. देशाच्या अणुकार्यक्रमातली किरणोत्सर्गाच्या संपर्काची ही तोवरची सर्वात गंभीर घटना होती, हेही तेव्हा मान्य करण्यात आलं.

झडप कुठेही बिघडू शकते. पण त्या टाकीजवळ मापक यंत्र का नव्हतं, हा प्रश्न बाहेरच्या निरीक्षकाने आधीच विचारला असता का? सांगता येत नाही. तो विचारण्याचा अधिकार असलेला बाहेरचा निरीक्षक तेव्हा अस्तित्वातच नव्हता, एवढं मात्र नक्की.

न्यायालयाने काय म्हटलं?

याआधी, १९९५ मध्ये एईआरबीने अणुऊर्जा विभागाच्या प्रकल्पांमधल्या सुरक्षेच्या मुद्द्यांचा एक अहवाल तयार केला होता. त्यात सुमारे १३० मुद्दे होते आणि त्यातले ९५ च्या आसपास तातडीचे होते, असं मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी पद सोडल्यानंतर जाहीरपणे सांगितलं. हा अहवाल लोकांसमोर यावा म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे याचिका फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयानेही ६ जानेवारी २००४ रोजी तोच निर्णय कायम ठेवला. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातलं कलम १८ सरकारला अशी माहिती गोपनीय ठेवण्याचा अधिकार देतं आणि ते कलम वैध आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

म्हणजे १९९५ मध्ये नियामक काय म्हणाला, हे तुर्भ्याच्या किंवा तारापूरच्या रहिवाशाला अधिकृतपणे वाचायला मिळालं नाही.

मायापुरीचा धडा आणि कॅगचा अहवाल

दुसऱ्या टोकाचं उदाहरण दिल्लीचं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेलं संशोधनाचं एक यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होतं. २०१० च्या सुरुवातीला ते भंगार म्हणून लिलावात विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं. एप्रिलमध्ये एका कामगाराचा मृत्यू झाला आणि आणखी काही जण गंभीर आजारी पडले. इथे गोपनीयतेचा काही संबंध नव्हता. एका साध्या संशोधन प्रयोगशाळेतलं उपकरण आता वापरात नाही, याचा मागोवा पंचवीस वर्षं कुणी घेतला नव्हता.

ऑगस्ट २०१२ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात कॅगने एईआरबीच्या कामाची झाडाझडती घेतली. त्यातले काही मुद्दे :

• देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी फक्त ५,२७० नोंदणीकृत होती. उरलेली ५२,१७३, म्हणजे ९१ टक्के, नियामकाच्या नियंत्रणाबाहेर चालू होती.

• नियमभंगासाठी कमाल दंड ५०० रुपये होता.

• स्थापनेच्या आदेशातच सांगितलेलं किरणोत्सर्ग सुरक्षा धोरण जवळपास तीस वर्षांनंतरही तयार नव्हतं.

• मंडळाला स्वतंत्र कायद्याचा आधार नव्हता.

लोकलेखा समितीने डिसेंबर २०१३ च्या अहवालात हीच चिंता मांडली. मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञ पथकाने भारतीय नियामकाच्या तांत्रिक कामाचं कौतुक केलं आणि त्याचबरोबर त्याचं स्वातंत्र्य कायद्यात लिहा, असंही सुचवलं. सरकारने २०११ मध्ये अणुसुरक्षा नियामक प्राधिकरणाचं विधेयक मांडलं होतं, पण २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं.

गोपनीयता आणि बाहेरची तपासणी एकत्र चालू शकतात का?

इतर देशांचा अनुभव सांगतो की चालू शकतात. अमेरिकेने १९७४ च्या कायद्याने अणुकार्यक्रमाला चालना देणारी संस्था आणि नियामक वेगळे केले. अण्वस्त्रांशी संबंधित केंद्रं तरी तिथल्या ऊर्जा विभागाकडेच राहिली. मग १९८८ मध्ये तिथल्या संसदेने अशा केंद्रांसाठी वेगळं सुरक्षा मंडळ नेमलं. त्याला गोपनीय जागांमध्ये जाता येतं, कागद पाहता येतात आणि शिफारशी जाहीर करता येतात. हॅनफर्डची साफसफाई १९८९ च्या करारानंतर वॉशिंग्टन राज्याच्या पर्यावरण विभागाच्या आणि केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या नजरेखाली आली. ब्रिटनमध्ये अण्वस्त्र कारखान्याच्या सुरक्षेवरही राष्ट्रीय अणुनियामकाचीच देखरेख असते.

जपानला हे महागात पडून कळलं. फुकुशिमाच्या वेळी तिथला नियामक अणुऊर्जेचा प्रचार करणाऱ्या मंत्रालयाच्याच अखत्यारीत होता. मार्च २०११ च्या दुर्घटनेनंतर तो बरखास्त झाला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये नवं स्वतंत्र प्राधिकरण आलं.

बॉम्बची रचना गुप्त ठेवणं वेगळं आणि कचऱ्याच्या टाकीची झडप कुणी तपासली हे गुप्त ठेवणं वेगळं, एवढा फरक या देशांनी केला.

नव्या कायद्याने काय होणार?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ विधेयक मंजूर केलं. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुहानी दायित्व कायदा या दोन्हींची जागा ते घेतं. खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्राचं दार त्याने उघडलं आहे. त्यात एईआरबीला कायद्याने दर्जा देण्याची तरतूद आहे. १९८३ पासून आदेशावर चालणाऱ्या मंडळासाठी हे मोठं पाऊल आहे.

पण पुनर्प्रक्रिया आणि उच्च तीव्रतेच्या कचऱ्याचं व्यवस्थापन ही कामं केंद्र सरकारच्याच हाती राहणार आहेत. म्हणजे सर्वात जास्त काळ सांभाळावा लागणारा कचरा सरकारकडे आणि त्यावर नजरही सरकारची. दर्जा कागदावर आला तरी तो प्रत्यक्षात किती उतरतो, हे ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत :

१. बार्कच्या संशोधन भट्ट्या आणि कचरा प्रकल्प पुन्हा एईआरबीच्या किंवा बाहेरच्या दुसऱ्या एखाद्या तपासणीखाली येणार का?

२. मंडळाच्या अध्यक्षांची निवड आणि पैसा यांवर अणुऊर्जा विभागाचा प्रभाव किती राहणार?

३. घटना घडली तर ती किती दिवसांत जाहीर करायची, याचं बंधन असणार का?

आपल्या भागात याचा संबंध कुठे येतो?

हिंगोली जिल्ह्यातल्या बहुतेकांचा एईआरबीशी संबंध येतो तो एक्स-रे किंवा सीटी स्कॅनच्या खोलीत. नोंदणी आता ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीतून होते. त्यामुळे पुढच्या वेळी तपासणीला जाल तेव्हा एवढं पाहा :

• केंद्राकडे एईआरबीचा परवाना आहे का, हे विचारा. विचारण्यात काही गैर नाही.

• यंत्र सुरू असताना खोलीचं दार बंद असावं. दारावर किरणोत्सर्गाचं तीन पाकळ्यांचं चिन्ह आणि इशाऱ्याचा दिवा असावा.

• सोबतच्या नातेवाइकाने बाहेर थांबावं. लहान मुलाला धरायचंच असेल तर शिशाचा ॲप्रन मागून घ्यावा.

• गर्भवती असाल किंवा तशी शक्यता असेल तर तंत्रज्ञाला आधी सांगा.

• घाबरू नका. छातीच्या साध्या एक्स-रेचा डोस १ मिलिसिव्हर्टपेक्षा बराच कमी असतो आणि यंत्र बंद झालं की किरणही थांबतात. एक्स-रे यंत्रात किरणोत्सारी पदार्थ नसतो.

भंगाराचा व्यवसाय करणाऱ्यांनी मायापुरी लक्षात ठेवावं. आकाराच्या मानाने फार जड, शिशाचं आवरण असलेली किंवा तीन पाकळ्यांचं चिन्ह असलेली वस्तू आली तर ती फोडू नका. लांब व्हा, इतरांना दूर ठेवा आणि ११२ वर पोलिसांना कळवा.

लायगोबद्दलही प्रश्न विचारत राहायला हरकत नाही. बांधकामावरच्या मजुरांची सुरक्षा, पाण्याचा वापर, स्थानिकांना रोजगार हे तिथले खरे मुद्दे आहेत. अणुकचरा हा तिथला मुद्दा नाही. तो तुर्भ्याचा आणि तारापूरचा आहे. तिथल्या टाक्या, खंदक आणि काचेचे डबे पुढच्या कितीतरी पिढ्यांना सांभाळायचे आहेत. त्यांची तपासणी कोणी करायची, हे नवा कायदा प्रत्यक्षात राबवताना आणि त्याचे नियम बनताना ठरेल. आपल्या खासदारांना वरचे तीन प्रश्न विचारायची वेळ हीच आहे.